ऐच्छिक सहभागाचा कायदा : अमेरिकेतील बिनतारी आपत्सूचना आणि मोबाइल कंपन्या

आपत्तीची पूर्वसूचना देणे हे राज्यसंस्थेच्या आद्य कर्तव्यांपैकी एक मानले जाते. हे कर्तव्य पार पाडण्याचे साधन मात्र राज्यसंस्थेच्या हाती नसून खाजगी व्यापारी कंपन्यांच्या मालकीचे असेल, तर त्या कंपन्यांना आज्ञा करावयाची की विनंती, हा प्रश्न उपस्थित होतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी २००६ साली ह्या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते अनेक दृष्टींनी विलक्षण आहे. भ्रमणध्वनीवरून आपत्सूचना प्रसृत करण्याच्या व्यवस्थेत सामील व्हावयाचे किंवा नाही, हे तेथील कायद्याने प्रत्येक कंपनीच्या इच्छेवर सोडले. परंतु एकदा सामील झालेल्या कंपनीवर तपशीलवार नियमांचे बंधन घातले. ह्या व्यवस्थेचे स्वरूप, तिचा कार्यभाग आणि ऐच्छिकतेमुळे तिच्यात राहून गेलेली वैगुण्ये ह्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा निर्णय विलक्षण का म्हणावयाचा, हे पूर्वेतिहास पाहिल्यास ध्यानात येते. सार्वजनिक सूचनेची पहिली देशव्यापी योजना अमेरिकेत १९५१ साली ‘कॉनेलरॅड’ ह्या नावाने सुरू झाली. शत्रूच्या विमानांना नभोवाणी केंद्रांच्या लहरींचा माग काढून लक्ष्य गाठता येऊ नये, हा तिचा एक प्रमुख हेतू होता. १९६३ साली तिची जागा दुसऱ्या योजनेने घेतली आणि १९९७ पासून सध्याची ‘इमर्जन्सी अलर्ट सिस्टिम’ अंमलात आली. ह्या परंपरेत राष्ट्रीय पातळीवरील सूचना प्रसृत करणे नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांवर बंधनकारक आहे. आकाशलहरी ही सार्वजनिक संपत्ती असून तिच्या वापराचा परवाना ज्याला मिळाला त्याने त्याच्या मोबदल्यात काही लोकसेवा केली पाहिजे, हे त्यामागील तत्त्व होय. मोबाइल कंपन्याही त्याच लहरींवर व तशाच परवान्यांवर व्यवसाय करतात. असे असता त्यांच्या बाबतीत हे तत्त्व का शिथिल झाले?

२००५ च्या ऑगस्टमधील ‘कॅट्रिना’ चक्रीवादळानंतर सूचनायंत्रणेच्या दुबळेपणाची चर्चा देशभर झाली. २६ जून २००६ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश ह्यांनी १३४०७ क्रमांकाचा आदेश काढून सर्व माध्यमांना एकत्र जोडणारी सूचनाव्यवस्था उभारण्याचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बंदरांच्या सुरक्षिततेविषयीच्या एका मोठ्या अधिनियमाचा भाग म्हणून ‘वॉर्न’ कायदा संमत झाला. कायद्याची भूमिका अशी की, कंपन्यांवर सक्ती केल्यास न्यायालयीन वाद व विलंब ओढवेल. त्यापेक्षा त्यांनाच योजनेच्या रचनेत सहभागी करून घेतल्यास काम लवकर होईल. हे गृहीतक कितपत खरे ठरले हे पुढे दिसेलच.

कायद्यातील सौदा बारकाईने पाहण्यासारखा आहे. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचा आदेश निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत प्रत्येक परवानाधारक कंपनीने आपण सूचना पूर्णतः प्रसृत करणार, अंशतः करणार की मुळीच करणार नाही, हे लेखी कळवावयाचे होते. सामील होणाऱ्या कंपनीस ह्या सेवेबद्दल ग्राहकाकडून वेगळे शुल्क घेता येत नाही. त्याच्या बदल्यात तिला मोठे संरक्षण मिळते : नियम पाळले असतील तर सूचना दिल्यामुळे अथवा न पोहोचल्यामुळे झालेल्या हानीबद्दल ग्राहकाला तिच्यावर दावा लावता येत नाही. सामील न होणाऱ्या कंपनीविरुद्धही केवळ तेवढ्या कारणाने दावा उभा राहत नाही. मात्र आपल्याकडे ही सेवा नाही हे तिने विक्रीच्या ठिकाणी स्पष्ट व ठळकपणे सांगितले पाहिजे आणि जुन्या ग्राहकांनाही कळविले पाहिजे. सामील होऊन नंतर अंग काढून घेणाऱ्या कंपनीस दंड नाही. ६० दिवस आधी ग्राहकांना लेखी कळविणे एवढेच बंधन आहे, आणि अशा वेळी ग्राहकास कोणताही भुर्दंड न भरता करार मोडण्याची मुभा आहे.

म्हणजे कायद्याने सक्तीच्या जागी बाजारपेठेची लाज ठेवली. ‘आमच्या दूरध्वनीवर चक्रीवादळाची सूचना येणार नाही’ अशी पाटी दुकानात लावण्याची इच्छा कोणत्याही मोठ्या कंपनीस होणार नाही, हा हिशेब होता आणि मोठ्या कंपन्यांपुरता तो अचूक ठरला. निवडीची मुदत ८ सप्टेंबर २००८ रोजी संपली तेव्हा देशव्यापी जाळे असलेल्या चारही कंपन्या, म्हणजे एटी अँड टी, व्हेरायझन, स्प्रिंट व टी-मोबाइल, योजनेत होत्या. ह्याच कायद्याने सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्रांवर मात्र, सूचना मोबाइल कंपन्यांपर्यंत पोहोचविण्याचा पर्यायी मार्ग म्हणून आवश्यक यंत्रसामग्री बसविण्याची सक्ती केली. नफा न मिळविणाऱ्यावर सक्ती आणि नफा मिळविणाऱ्याला निवड, हा विरोधाभास टीकाकारांनी अधिक ठळकपणे मांडावयास हवा होता.

योजनेचे तांत्रिक रूप ठरविण्यासाठी नेमलेल्या सल्लागार समितीत सरकारी प्रतिनिधींबरोबर कंपन्यांचे प्रतिनिधीही होते. ऑक्टोबर २००७ मध्ये समितीने शिफारशी दिल्या आणि कमिशनने २००८ मधील तीन आदेशांत त्यांतील बहुतेक जशाच्या तशा स्वीकारल्या. ज्यांना स्वेच्छेने बोलवावयाचे त्यांच्या सोयीने नियम करावे लागतात, ह्याचे हे उदाहरण होय. संदेश ९० अक्षरांचा, भाषा केवळ इंग्रजी, क्षेत्र किमान एका काउंटीएवढे आणि प्रकार तीनच : राष्ट्राध्यक्षांची सूचना, जीवितास तातडीचा धोका व अपहृत बालकाचा शोध. संदेशात दुवा अथवा दूरध्वनी क्रमांक नसावा, कारण लक्षावधी लोक एकदम तो उघडू लागल्यास जाळे कोलमडेल, असे कंपन्यांचे म्हणणे होते. ७ डिसेंबर २००९ रोजी सरकारी व खाजगी यंत्रणांना जोडणाऱ्या दुव्याचे प्रमाण जाहीर झाले, तेव्हापासून कंपन्यांना २८ महिन्यांची मुदत मिळाली आणि एप्रिल २०१२ मध्ये सेवा देशभर सुरू झाली. कायदा संमत झाल्यापासून साडेपाच वर्षे लोटली होती. ऐच्छिकतेने वेग येतो हे गृहीतक येथे फारसे टिकत नाही.

ह्या सेवेचे कार्य समजण्यासाठी ‘सेल ब्रॉडकास्ट’ आणि नेहमीचा लघुसंदेश ह्यांतील भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. लघुसंदेश हा टपालासारखा असतो. प्रत्येकाचा क्रमांक हवा, तो कोणत्या मनोऱ्याच्या कक्षेत आहे हे शोधावयास हवे आणि दहा लक्ष लोकांना कळवावयाचे तर तेवढ्याच वेळा तो धाडावयास हवा. आपत्तीच्या वेळी, म्हणजे जाळ्यावर आधीच असह्य ताण असताना, हे अशक्यप्राय असते. सेल ब्रॉडकास्ट ही दवंडी आहे. मनोरा आपल्या नियंत्रणवाहिनीवरून एकच संदेश ठरावीक अंतराने पुनःपुन्हा उच्चारतो आणि त्याच्या कक्षेत जो कोणी असेल त्याचा दूरध्वनी तो ऐकतो. ऐकणारे शंभर असोत की लाख, जाळ्यावरचा भार तेवढाच. दूरध्वनी संदेशाचा अनुक्रमांक लक्षात ठेवतो, म्हणून तोच संदेश पुन्हा ऐकू आला तरी दोनदा दाखवीत नाही. कोणाचाही क्रमांक लागत नाही, त्यामुळे खाजगीपणाला बाध येत नाही. परंतु ह्याच गुणातून एक उणीव जन्मते : दवंडी कोणी ऐकली ह्याची पोच परत येत नाही.

संदेशाचा प्रवास असा होतो. हवामान खाते, राज्य किंवा काउंटीचा अधिकृत अधिकारी ठरावीक नमुन्यात सूचना तयार करतो. ती आपत्तिव्यवस्थापनाची केंद्रीय संस्था ‘फेमा’ हिच्या द्वारयंत्रणेत तपासली जाते. तेथून कंपनीच्या द्वारयंत्रणेकडे आणि शेवटी मनोऱ्यांकडे जाते. दूरध्वनीत ८५३ व ९६० हर्ट्‌झच्या दोन स्वरांचा कर्णकटू नाद उमटतो. त्याच लयीत कंपनही होते, जेणेकरून कर्णबधिरांनाही तो ओळखू यावा. तपासणी प्रेषकाच्या अधिकाराची व नमुन्याची होते, मजकुराच्या सत्यतेची नव्हे. १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी हवाई बेटांवर क्षेपणास्त्र येत असल्याची खोटी सूचना गेली आणि ती चुकीची असल्याचा संदेश दूरध्वनींवर येण्यास ३८ मिनिटे लागली. त्यात कंपन्यांचा दोष नव्हता. दवंडी पिटणाऱ्याने राजाज्ञेची शहानिशा करावी अशी अपेक्षा कोणी धरीत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता ‘अंशतः’ ह्या शब्दाकडे वळू. सहभागाच्या तीन पर्यायांपैकी हा मधला पर्याय सर्वांत अधिक अर्थपूर्ण आणि सर्वांत अधिक संदिग्ध आहे. कंपनीच्या सेवाक्षेत्राच्या काही भागात सूचना मिळेल, काही भागात मिळणार नाही. तिने विकलेल्या काही दूरध्वनींवर ती दिसेल, जुन्यांवर दिसणार नाही. एवढे सर्व ह्या एका शब्दात सामावते. ग्राहकाच्या दृष्टीने ‘आमची कंपनी सहभागी आहे’ ह्या विधानाचा अर्थ त्यामुळे कधीच निश्चित राहिला नाही. अधिक गंभीर गोष्ट अशी की सूचना काढणाऱ्या अधिकाऱ्यालाही तो निश्चित नव्हता. ह्या अनिश्चिततेची किंमत कॅलिफोर्नियातील सोनोमा काउंटीत दिसून आली.

८ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री कॅलिस्टोगानजीक पेटलेला ‘टब्ज’ वणवा प्रचंड वाऱ्याने काही तासांतच सांता रोझा शहरात शिरला. त्यात २२ माणसे मृत्युमुखी पडली. काउंटीच्या अधिकाऱ्यांपाशी बिनतारी आपत्सूचना पाठविण्याचे साधन होते. ते त्यांनी वापरले नाही. सूचना संपूर्ण काउंटीला, म्हणजे सुमारे ५ लक्ष लोकांना एकदम जाईल, धोका नसलेले लोकही मध्यरात्री गाड्या घेऊन बाहेर पडतील आणि आगीपासून पळणाऱ्यांचे व अग्निशामकांचे रस्ते तुंबतील, ही त्यांची भीती होती. आधी नोंदणी केलेल्यांपुरत्या चालणाऱ्या अन्य सेवांवर त्यांनी भिस्त ठेवली. झोपेत असलेल्या, नोंदणी न केलेल्या माणसाला त्यांचा उपयोग नव्हता. पुढे राज्याच्या आपत्कालीन सेवा कार्यालयाने केलेल्या परीक्षणात अधिकाऱ्यांची ह्या साधनाविषयीची समजूत अपुरी व कालबाह्य होती, असा निष्कर्ष निघाला. २०१७ पर्यंत काही कंपन्या काउंटीपेक्षा पुष्कळ लहान क्षेत्र, मनोऱ्यामनोऱ्यांनुसार, निवडू लागल्या होत्या.

निष्कर्ष बरोबर असला तरी त्याने प्रश्नाची एकच बाजू दिसते. काउंटी ही किमान मर्यादा नियमात होती. तिच्यापेक्षा अधिक नेमके काम करणे कंपनीच्या मर्जीवर होते. कोणती कंपनी किती नेमके काम करते ह्याची अधिकृत यादी अधिकाऱ्यापुढे नव्हती. ज्याला साधनाचा पल्ला ठाऊक नाही तो ते मध्यरात्री, क्षणार्धात, प्रथमच कसे वापरील? अधिकाऱ्याचे अज्ञान हा त्याचा व्यक्तिगत दोष कमी आणि ऐच्छिक व्यवस्थेचे अपत्य अधिक होते, असे म्हणणे न्याय्य ठरेल.

वणव्यानंतर तीन महिन्यांनी, ३० जानेवारी २०१८ रोजी, कमिशनने क्षेत्रनिश्चितीचा नियम कडक केला. सूचनेने ठरविलेल्या क्षेत्राचा शंभर टक्के भाग व्यापावा आणि तिने क्षेत्राबाहेर ०.१ मैलापेक्षा, म्हणजे सुमारे १६० मीटरपेक्षा अधिक जाऊ नये, असे ठरले. मनोऱ्याची कक्षा ग्रामीण भागात कित्येक किलोमीटर असते, तेव्हा केवळ मनोरे निवडून हे साधणे शक्य नाही. म्हणून दवंडीबरोबर क्षेत्राच्या सीमेचे अक्षांश-रेखांशही धाडावयाचे आणि दूरध्वनीने स्वतःचे स्थान त्यांच्याशी ताडून संदेश दाखवावयाचा की दडपावयाचा हे ठरवावयाचे, अशी योजना झाली. स्थान ठरविता न आल्यास संदेश दाखविला जातो, आणि ही दक्षता उचितच आहे. २०१९ च्या अखेरीस हा नियम लागू झाला. पण हे सामर्थ्य नव्या दूरध्वनींतच असते. गरीब व वृद्ध माणसे जुनी यंत्रे अधिक काळ वापरतात, ह्या साध्या गोष्टीमुळे नेमकेपणाचा लाभ समाजात सारखा वाटला जात नाही.

९० अक्षरांच्या मर्यादेचीही कथा अशीच आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या चेल्सी भागातील स्फोटानंतर संशयिताचा शोध घेण्यासाठी तेथील दूरध्वनींवर सूचना आली. तीत नाव होते, छायाचित्र नव्हते आणि ते कोठे पाहावे ह्याचा दुवाही नव्हता. प्रसारमाध्यमांत पाहावे एवढेच सांगितले होते. केवळ नावावरून कोणास ओळखावयाचे, आणि त्या नावाच्या वा तशा चेहऱ्याच्या निरपराध माणसाने त्या दिवशी शहरात कसे हिंडावयाचे, हे प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारले. त्याच महिन्याच्या अखेरीस कमिशनने दुव्यांना अनुमती दिली आणि नव्या जाळ्यांवर मर्यादा ३६० अक्षरांपर्यंत वाढविली. जाळे कोलमडेल ही भीती प्रत्यक्षात खरी ठरल्याचे दिसले नाही.

भाषेच्या बाबतीत प्रगती मंद झाली. स्पॅनिश संदेशांची सोय २०१९ मध्ये झाली. ऑक्टोबर २०२३ च्या आदेशाने इंग्रजीखेरीज सर्वाधिक बोलल्या जाणाऱ्या १३ भाषांतील तयार नमुने दूरध्वनीतच साठविण्याची कल्पना मान्य केली. त्या १३ भाषांत हिंदी आहे. मराठी नाही, न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात मुलांकडे राहावयास गेलेल्या मराठी वडीलधाऱ्यांना तूर्त हिंदीवरच काम भागवावे लागेल.

सहभागाची आणखी एक मर्यादा अशी की, तो मनोरा उभा व चालू असेपर्यंतच टिकतो. कॅट्रिनानंतर, २००७ साली, प्रत्येक मनोऱ्यास किमान ८ तास पुरेल अशी पर्यायी वीज असावी असा नियम कमिशनने केला होता. कंपन्यांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि नोव्हेंबर २००८ मध्ये केंद्रीय अर्थसंकल्प कार्यालयाने संमती नाकारल्यामुळे तो नियम बारगळला. ज्या सालच्या सप्टेंबरात कंपन्यांनी सूचनायोजनेत सहर्ष प्रवेश केला त्याच सालच्या नोव्हेंबरात हे घडावे, ह्यात विसंगती दिसली तरी कायद्याच्या दृष्टीने ती नव्हती : सूचना देण्याचे त्यांनी मान्य केले होते, सूचना देता येईल अशा स्थितीत राहण्याचे नव्हे. ८ ऑगस्ट २०२३ रोजी माउई बेटावरील लाहायना शहर जळाले तेव्हा बिनतारी सूचना पाठविली गेली, पण वीज व भ्रमणध्वनी सेवा त्या भागात आधीच बंद पडल्याने ती अनेकांपर्यंत पोहोचली नाही. ४ जुलै २०२५ च्या पहाटे टेक्सासमधील ग्वादालुपे नदीच्या महापुरात शंभराहून अधिक लोक दगावले. हवामान खात्याचा इशारा १ वाजून १४ मिनिटांनी निघाला होता, परंतु त्या डोंगराळ खोऱ्यात अनेक ठिकाणी मुळात लहरीच पोहोचत नव्हत्या. केवळ कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये वणव्याचा अधिक धोका असलेल्या भागांत ७२ तासांच्या पर्यायी विजेची सक्ती राज्याच्या अधिकारात केली. ती ऐच्छिक नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे.

अन्यत्र ह्या प्रश्नाचा निकाल निराळा लागला. युरोपीय संघाने २०१८ च्या दूरसंचार संहितेत, २१ जून २०२२ पर्यंत प्रत्येक सदस्य राष्ट्राने भ्रमणध्वनीवरून लोकसूचना देण्याची व्यवस्था करावी आणि कंपन्यांनी ती चालवावी, असे बंधन घातले. भारतात ‘सी-डॉट’ने विकसित केलेल्या यंत्रणेच्या चाचण्या २०२३ मध्ये झाल्या. त्या वेळी महाराष्ट्रातही असंख्य दूरध्वनी एकदम वाजले आणि पुष्कळांची घाबरगुंडी उडाली. येथे कंपन्यांना निवडीचा पर्याय नव्हता. दूरध्वनी बनविणाऱ्यांवरही ही सोय ठेवण्याची सक्ती त्याच वर्षीच्या नियमांनी केली.

अमेरिकेने कायदा बदललेला नाही; तेथे सहभाग अद्यापि ऐच्छिक आहे. बदलली ती त्या शब्दाची व्याप्ती. ऑक्टोबर २०२३ च्या आदेशात कमिशनने असे ठरविले की, सहभागी कंपन्यांनी आपण कोणत्या भूभागात सूचना प्रसृत करतो ह्याचे नकाशे, कोणत्या दूरध्वनींवर ती मिळू शकते ह्याची यादी आणि आपले जाळे वापरून सेवा विकणाऱ्या अन्य विक्रेत्यांची नावे एका सार्वजनिक नोंदवहीत द्यावीत. सोनोमातील अधिकाऱ्याला त्या रात्री ज्या माहितीची आवश्यकता होती तिचा पुष्कळसा भाग ह्या तीन रकान्यांत येतो.